एका शब्दात दोन अस्वलं

बारामती एमआयडीसीत पहिली पाळी संपवून थेट इथं आलेले बरेच जण दिसतायत, इंदापूरकडूनही काही मंडळी आली आहेत. तेव्हा फार लांबण न लावता विषयाला हात घालतो. आजचा शब्द आहे 'अस्वल'.

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका मुलीनं विचारलं होतं, "सर, अस्वलाचा आणि अश्वाचा काही संबंध आहे का?" प्रश्न चांगला आहे. कानाला दोन्ही शब्द जवळचे वाटतात. पण संबंध नाही. मग अस्वल हा शब्द आला कुठून? हिंदीत भालू आहे, रीछ आहे. शेजारच्या कन्नडमध्ये करडी आहे. संस्कृतात ऋक्ष आहे. यातल्या कशाशीच आपलं अस्वल जुळताना दिसत नाही. म्हणून पुष्कळांना वाटतं की हा कुठला तरी आडवळणाचा, बिनघराण्याचा शब्द असावा. खरी गोष्ट अशी की यातल्या दोन शब्दांशी त्याचं सख्खं नातं आहे. ते कसं, हे आज बघू.

सुरुवात अस्वलापासून न करता उसापासून करतो. बारामती-इंदापुरात उसाचं उदाहरण कुणाला समजावून सांगावं लागत नाही. संस्कृतात उसाला इक्षु म्हणतात. इक्षुदंड, इक्षुरस हे शब्द तुम्ही ऐकले असतील. हिंदीत त्याचं ईख झालं आणि मराठीत ऊस. एकाच शब्दाची दोन भावंडं, पण तोंडवळा इतका वेगळा का? याचं कारण 'क्ष'. संस्कृतातला हा क्ष प्राकृतात आला तेव्हा त्याला दोन वाटा फुटल्या. एका वाटेनं त्याचा 'क्ख' झाला आणि दुसऱ्या वाटेनं 'च्छ'. इक्षुचं एकीकडे इक्खु झालं, त्यातून हिंदीचा ईख आला. दुसरीकडे उच्छु झालं, आणि मराठीनं त्या च्छचा 'स' करून ऊस घेतला.

हे एकट्या उसाचं झालं असतं तर आपण योगायोग म्हटलं असतं. पण बघा, क्षेत्र या शब्दाचं हिंदीत खेत झालं, मराठीत शेत. मक्षिकेची हिंदीत मक्खी झाली, मराठीत माशी. हिंदीला ख आणि आपल्याला स किंवा श, हा हिशेब पुन्हा पुन्हा लागतो. आणि ज्या शब्दांत मुळातच च्छ होता किंवा प्राकृतात तो आला, तिथंही मराठीनं हेच केलं. मत्स्याचं प्राकृतात मच्छ, आपल्याकडे मासा. कच्छपाचं आपल्याकडे कासव. हिंदीत पूछना, आपल्याकडे पुसणे. च्छ दिसला की त्याचा स करायचा, ही मराठीची जुनी खोड आहे असं समजा.

आता ऋक्ष घ्या. त्यात क्ष आहे, त्याचा च्छ होणार. आणि सुरुवातीला ऋ आहे. ऋचं प्राकृतात काय होतं? कधी अ होतो, कधी इ, कधी उ, कधी रि. तृणाचं तण झालं, मृत्तिकेची माती झाली, तिथं ऋचा अ झाला. शृंगाचं शिंग झालं, तिथं इ झाला. तेव्हा ऋक्षाची दोन रूपं प्राकृतात सापडतात. एक रिच्छ आणि दुसरं अच्छ. रिच्छमधून हिंदीचं रीछ आलं. मराठीतही 'रीस' हा अस्वलासाठी शब्द होता, जुन्या शब्दकोशांत तो मिळतो. आणि अच्छ? आपल्या खोडीप्रमाणे च्छचा स केला की उरतो 'अस'.

म्हणजे अस्वलाचा पुढचा भाग सापडला. अस्वलातलं 'अस' म्हणजेच ऋक्ष, म्हणजे अस्वल!

मग मागचं 'वल' काय? तिथं दुसरा प्राणी दडलाय. संस्कृतात अस्वलाला आणखी एक नाव आहे, भल्ल. त्याचीच रूपं भल्लुक, भल्लूक. यातूनच हिंदीचा भालू आला. प्राकृतात अच्छ आणि भल्ल हे दोन शब्द एकमेकांना जोडले गेले आणि 'अच्छभल्ल' असा एक शब्द तयार झाला. बोलता बोलता मधला भ सैल पडला, त्यातली हवा गेली, आणि 'अस्वल' झालं. हा अच्छभल्ल आपल्या कल्पनेतला शब्द नाही बरं का. अमरकोशात सिंहादिवर्ग म्हणून प्राण्यांच्या नावांचा भाग आहे, तिथं ऋक्ष, अच्छभल्ल आणि भल्लूक ही तिन्ही नावं शेजारी शेजारी दिली आहेत. यात एक गंमत आहे. ऋक्ष हा संस्कृत शब्द, त्याचं प्राकृत अच्छ, आणि ते प्राकृत रूप पुन्हा संस्कृत कोशात मानानं जाऊन बसलं. शब्द नेहमी वरून खालीच येतात असं नाही. खालून वरही जातात.

तर हिशेब असा झाला: हिंदीनं रीछ वेगळा ठेवला, भालू वेगळा ठेवला. मराठीनं दोघांना एकत्र शिवलं. आपण अस्वल म्हणतो तेव्हा खरं तर 'अस्वल-अस्वल' असं दोनदा म्हणतो.

आता कुणी म्हणेल, एकच प्राणी दोनदा कशाला सांगायचा? ही उधळपट्टी नाही का? पण आपण हे रोज करतो. पावरोटी म्हणतो ना? पाव हा पोर्तुगीजांकडून आलेला, त्याचा अर्थ रोटीच. म्हणजे रोटीरोटी. बाजारहाट म्हणतो, बाजार फारसी आणि हाट आपला, अर्थ एकच. धनदौलत तसंच. दोन भाषांची, दोन वस्त्यांची माणसं एकत्र नांदली की अशा जोड्या जमतात. एकाला एक शब्द कळतो, दुसऱ्याला दुसरा. दोन्ही मिळून बोलले की सगळ्यांना कळतं.

अच्छभल्लच्या बाबतीत मला आणखी एक कारण दिसतं. ते माझं मत म्हणून ऐका. अच्छ हा शब्द एकटा उभा राहिला तर घोटाळा होतो. कारण संस्कृतात आणि प्राकृतात अच्छ म्हणजे स्वच्छ, नितळ असाही अर्थ आहे. आपल्या 'स्वच्छ'मध्ये तोच अच्छ आहे, सु अधिक अच्छ. भल्लचंही तसंच. भल्ल म्हणजे एक प्रकारचा बाण, आपला भाला त्याच्याच घरातला. म्हणजे नुसतं अच्छ म्हटलं तर नितळ पाणी की जनावर? नुसतं भल्ल म्हटलं तर बाण की जनावर? दोन्ही एकत्र म्हटलं की शंका उरत नाही. आता विचार करा, रानात पुढे चाललेल्या माणसानं मागच्याला ओरडून सावध करायचंय. तिथं शब्दाचे दोन अर्थ निघून कसं चालेल? काही शब्द शोभेसाठी लांब होतात, हा गरजेपोटी लांब झाला असावा.

इथं एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: "माझी आजी भालू म्हणते, पण तिचा अर्थ अस्वल नसतो. असं का?" फार चांगली नोंद आहे. जुन्या मराठीत भालू म्हणजे कोल्ही, विशेषतः म्हातारी कोल्ही. रात्री तिचं ओरडणं ऐकू आलं की अशुभ मानायचे. आजी त्या भालूबद्दल बोलत असणार. आणि नातवंड कार्टून बघून भालू म्हणतं ते हिंदीतलं, म्हणजे अस्वल. एका घरात, एका चुलीपुढं, एकच शब्द आणि दोन जनावरं. रुड्यार्ड किपलिंगचं जंगल बुक 1894 सालचं. त्यातला बालू अस्वल हा या हिंदी भालूवरूनच. गोष्ट घडते ती मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या रानात, आपल्या नागपूरच्या वरच्या अंगाला.

आता जरा लांबचा फेरा मारू. ऋक्ष हा शब्द फार जुना आहे, आणि त्याची भावंडं दूरदूरच्या देशांत आहेत. ग्रीकमध्ये आर्क्तोस, लॅटिनमध्ये उर्सुस, फारसीत खिर्स. सगळ्यांचा अर्थ अस्वल, आणि सगळ्यांचं मूळ एक. उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशाला आपण आर्क्टिक म्हणतो, तो शब्द या आर्क्तोसवरूनच आलाय. पण तिथल्या पांढऱ्या अस्वलांवरून नाही. आकाशातल्या अस्वलावरून. ग्रीक लोक सप्तर्षींच्या तारकासमूहाला मोठं अस्वल म्हणायचे, आणि तो समूह ज्या दिशेला दिसतो ती अस्वलाची दिशा.

आपल्याकडेही हे होतं. शतपथ ब्राह्मणात म्हटलं आहे की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत असत. संस्कृतात ऋक्षचे दोन अर्थ आहेत, एक अस्वल आणि दुसरा तारा, नक्षत्र. पुढे आपल्याकडे ऋक्ष मागे पडलं आणि ऋषी पुढे आले. ग्रीकांकडे अस्वल आकाशात राहिलं. आणि त्या अस्वलाच्या मागोमाग जो तेजस्वी तारा दिसतो त्याला ते आर्क्टुरस म्हणतात, म्हणजे अस्वलाचा राखणदार. हा तारा तुमच्या ओळखीचा आहे. आपण त्याला स्वाती म्हणतो. स्वातीचा पाऊस रब्बीला मिळाला तर काय होतं आणि नाही मिळाला तर काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

जमिनीवरही ऋक्षाची खूण आहे. पुराणांत जे सात कुलपर्वत सांगितले आहेत त्यातला एक ऋक्षवान, म्हणजे अस्वलांचा डोंगर. तो नर्मदेच्या बाजूचा, विंध्य-सातपुड्याच्या रांगांतला. आणि जांबवान तर सगळ्यांना माहीत आहे. रामायणातला ऋक्षराज, अस्वलांचा राजा. स्यमंतक मण्यासाठी कृष्णाशी लढला आणि शेवटी मुलगी जांबवती त्याला दिली, तोच. म्हणजे आपल्या कथांमध्ये अस्वल हे शहाणं, वडीलधारं पात्र आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे काय झालं ते वेगळं आहे.

काही समाजांत अस्वलाचं खरं नाव घेणंच टाळायचे. नाव घेतलं तर जनावर येतं ही भीती. आपण नाही का रात्री सापाला साप न म्हणता लांबडं किंवा जनावर म्हणत? तसंच. रशियन भाषेत अस्वलाला मेद्वेद म्हणतात. त्याचा अर्थ मध खाणारा. त्यातला मेद म्हणजे आपला मधु, आणि पुढचा भाग 'अद्' म्हणजे खाणे या धातूच्या नात्यातला. खरं नाव त्यांच्या भाषेतून पुसलं गेलं, आणि टोपणनावच नाव झालं. आपण मात्र भीती असूनही खरं नाव सोडलं नाही. एकाच्या जोडीला दुसरं घेतलं.

आपल्याकडच्या काळ्या, लांब झिपऱ्या केसांच्या अस्वलाला शास्त्रज्ञांनी काय नाव दिलं, तेही ऐका. 1791 साली जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं त्याचं वर्णन केलं. त्याच्या लांब नख्या आणि दातांची ठेवण बघून त्याला वाटलं की हा स्लॉथ असावा. स्लॉथ म्हणजे दक्षिण अमेरिकेतला झाडाला लटकणारा संथ प्राणी. चूक लवकरच कळली, पण इंग्रजीत 'स्लॉथ बेअर' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आमचं अस्वल आळशी नाही हो, चवताळलं तर माणसाला पळून सुटता येत नाही. पुढे शास्त्रीय नाव ठरलं मेलुर्सस उर्सिनस. मेल म्हणजे मध, उर्सस म्हणजे अस्वल, उर्सिनस म्हणजे अस्वलासारखा. म्हणजे 'अस्वलासारखं मध-अस्वल'. युरोपातल्या पंडितांनीही शेवटी अस्वलाला दोनदाच अस्वल म्हटलं! आपल्या पूर्वजांनी हे काम कित्येक शतकं आधी करून ठेवलं होतं.

त्या दातांचं खरं कारण सांगतो. या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. तिथं फट असते. वारूळ नख्यांनी फोडायचं, तोंड लावायचं, आणि त्या फटीतून वाळवी ओढून घ्यायची. ओढतानाचा आवाज बऱ्याच लांबून ऐकू येतो. वाळवी, मुंग्या, मध, फळं आणि उन्हाळ्यात मोहाची फुलं, हा त्याचा आहार. छातीवर पांढुरकी खूण असते, आणि मादी पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते.

इथं बारामतीत अस्वल नाही. आपला मुलूख माळरानाचा, सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांचं, इंदापूरच्या कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आणि लांडगा. अस्वल बघायचं तर मेळघाट, ताडोबा, नवेगाव-नागझिरा, बुलढाण्याचं ज्ञानगंगा, किंवा आपल्याला जवळ म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं रान. मग बारामतीच्या माणसाला अस्वल माहीत कसं झालं? माझ्या वयाच्या लोकांना विचारा. एकच उत्तर येईल, दरवेशी.

डमरू वाजवत दरवेशी यायचा, हातात दोरी, दोरीला अस्वल. दरवेश हा फारसी शब्द, अर्थ फकीर. मराठीत दरवेशी म्हणजे अस्वल खेळवणारा, एवढाच अर्थ पक्का झाला. मी पाच-सहा वर्षांचा असेन. मला रात्री दचकायची सवय होती. आजीनं दरवेशाला पसाभर ज्वारी दिली आणि अस्वलाचा एक केस मागून घेतला. तो ताईतात घालून माझ्या गळ्यात बांधला. मला त्याचा फार अभिमान होता. ती दोरी त्या जनावराच्या तोंडात कुठून गेली आहे, हे मी तेव्हा बघितलं नाही. पुष्कळ वर्षांनी वाचलं तेव्हा कळलं. आई मारून पिल्लू आणायचं, तापलेल्या सळईनं नाकाडाला भोक पाडून दोरी ओवायची, दात तोडायचे. दोरी ओढली की वेदनेनं ते मागच्या पायांवर उभं राहायचं, आणि आपण टाळ्या वाजवायचो, अस्वल नाचलं म्हणून.

ऋक्षराज जांबवानापासून इथपर्यंत आपण त्याला आणलं. यात दरवेशालाच दोषी धरून मोकळं होता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या भटकून पोट भरणारा तो समाज. ज्वारी देणारे आणि केस मागणारे आपणच होतो. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1998 साली केंद्र सरकारनं अस्वलांचे खेळ करण्यावर बंदी घातली. आणि 2009 च्या अखेरीस शेवटचं नाचणारं अस्वल सोडवल्याचं वन्यजीव कार्यकर्त्यांनी जाहीर केलं. खेळ बंद झाला तो चांगलाच. ज्यांचा धंदा गेला त्यांच्यातल्या काहींना दुसरा व्यवसाय उभा करायला मदतही मिळाली.

एक वाक्प्रचार मात्र भाषेत राहिला, 'अस्वलाच्या गुदगुल्या'. वरून लाड, आतून इजा. समजूत अशी की अस्वल माणसाला गुदगुल्या करून मारतं. असं काही नसतं. अस्वलाची नजर कमजोर असते. माणूस अचानक समोर आला की ते घाबरतं, आणि थेट डोक्यावर, तोंडावर नख्या मारतं. पूर्व विदर्भात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला बायामाणसं रानात जातात. त्याच वेळी, त्याच झाडाखाली, तीच फुलं खायला अस्वल येतं. तिथं आजही 'अस्वल!' ही हाक म्हणजे जिवाचा प्रश्न असतो. आपल्याला तो कोशातला शब्द आहे, त्यांना तो रोजचा.

शेवटाकडे येतो. घरी नातू-नात भालू म्हणाली तर रागावू नका. तिला सांगा, बाळ, तू अर्धं बरोबर बोललीस. भालू आपल्या अस्वलातच आहे, मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला रीछ आहे. आणि तुझी पणजी ज्याला भालू म्हणायची ती माळावरची कोल्ही.

आणि एक काम देतो. आपल्याकडे अस्वल नसलं तरी लांडगा, खोकड, तरस, चिंकारा आहेत. माळ कमी होतोय तसे त्यांचे शब्दही जातायत. मेंढपाळ, जुने शेतकरी या जनावरांना, त्यांच्या पिल्लांना, त्यांच्या आवाजाला काय म्हणतात ते लिहून आणा. शब्द, गावाचं नाव आणि सांगणाऱ्याचं वय, एवढं पुरे. पुढच्या वेळी आपण त्यावरच बोलू. कुणी सांगावं, त्यातही एखादा अच्छभल्ल निघेल.